वळवाचा पाऊस : इशारा आणि अवधी

विद्यालयाच्या वाटचालीचा आढावा या स्मरणिकेतील अन्य लेखांतून वाचकांसमोर येईलच. विज्ञान व भूगोल हे विषय शिकविणाऱ्या आम्हां अध्यापकांना मात्र या निमित्ताने एक वेगळा पाठ मांडावासा वाटला. त्याचे कारण साधे आहे. आमचे विद्यार्थी वर्षातील बहुतेक दिवस वसतिगृहाच्या पक्क्या छताखाली असतात. एप्रिल संपता संपता सुटी लागते, पालक येतात, पेट्या-वळकट्या आवरल्या जातात आणि मुले आपापल्या गावी परततात. कोणी शेळ्यांमागे माळावर जाते, कोणी शेतावर राखणीला बसते, कोणी ओढ्यात डुंबते. ऊसतोडणीहून नुकत्याच परतलेल्या घरांतील मुले आईवडिलांबरोबर रानात राबतात. नेमके हेच दिवस वळवाच्या पावसाचे असतात. म्हणजे जो पाठ आम्ही वर्गात शिकवितो, त्याची परीक्षा विद्यार्थी आमच्यापासून दूर, उघड्या आभाळाखाली देत असतात. म्हणून हा पाठ पालकांपर्यंत आणि माजी विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचावा, अशी आमची इच्छा आहे.

या पावसाबद्दल ‘अचानक आला’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. बारकाईने पाहिल्यास तो क्वचितच अचानक येतो. तो आभाळातून, वाऱ्यातून, आवाजातून आणि ओढ्याच्या रंगातूनही आपली चाहूल देतो. अडचण आहे ती अवधीची. इशारा आणि संकट यांमध्ये कधी अर्धा तास असतो, कधी काही मिनिटे. एवढ्या अवधीत विचार करून निर्णय घेणे कठीण असते. आधी ठरलेला निर्णय अंमलात आणणे मात्र शक्य असते. प्रस्तुत लेखाचे सूत्र एवढेच आहे.

ढग कसा घडतो

चैत्र-वैशाखात महाराष्ट्राची भूमी भाजून निघते. विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो; मराठवाड्यातही चाळिशी ओलांडणे नित्याचे असते. तापलेल्या जमिनीला टेकलेली हवा हलकी होऊन वर चढू लागते. केवळ उष्णतेने पाऊस पडत नाही; त्यासाठी बाष्प लागते. ते अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांवरून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर येते. या दिवसांत विदर्भापासून दक्षिणेकडे कर्नाटकाच्या अंतर्भागापर्यंत अनेकदा कमी दाबाचा लांबट पट्टा तयार होतो आणि दोन्ही बाजूंचे वारे तेथे एकमेकांस भेटतात. जमिनीची उष्णता, समुद्राचे बाष्प आणि वाऱ्यांची ही भेट, अशी तिन्ही कारणे एकत्र आली म्हणजे ढगाची उभारणी सुरू होते.

वर चढणारी हवा दर हजार मीटरला सुमारे १० अंशांनी थंड होत जाते. एका पातळीवर तिच्यातील बाष्पाचे जलकण होतात. बाष्पाचे पाणी होताना उष्णता मुक्त होते आणि तीच उष्णता हवेला आणखी वर ढकलते. म्हणून हा ढग आपल्याच इंधनावर वाढतो. दुपारी पिंजलेल्या कापसासारखा दिसणारा पुंजका तासाभरात १२ ते १५ किलोमीटर उंचीचा डोंगर होऊ शकतो. पाठ्यपुस्तकात त्याला क्युम्युलोनिम्बस म्हटले आहे. तो पुरता वाढला की त्याचा माथा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा दिसतो. ज्याला दूरवर अशी ऐरण दिसली, त्याला पहिला इशारा मिळाला असे समजावे.

जमिनीपासून सुमारे ५ किलोमीटर उंचीवर उन्हाळ्यातही तापमान गोठणबिंदूच्या खाली असते. तेथे पाण्याचे थेंब आणि हिमकण एकत्र नांदतात. गारा तेथेच घडतात. ऊर्ध्वगामी वारा त्यांना तोलून धरतो, त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात आणि भार असह्य झाला की त्या खाली येतात. पावसाबरोबर थंड, जड हवाही खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. पावसाआधी येणारी धुळीची वावटळ आणि अंगाला लागणारा गारवा हा त्याच हवेचा परिणाम होय. दिवसभराच्या उकाड्यानंतर तो गारवा सुखद वाटतो. मात्र छपराचे पत्रे उडविणारा आणि झाडे उन्मळून टाकणारा वाराही तोच असतो. गार वाऱ्याची पहिली झुळूक हा दुसरा इशारा.

विजेचा अवधी

ढगातील हलके हिमकण आणि जड, मऊ गारा एकमेकांवर आदळत असतात. त्या घर्षणात हलक्या कणांवर बहुधा धनभार व जड कणांवर ऋणभार येतो. हलके कण वर जातात, जड खाली राहतात आणि ढगाच्या दोन भागांत, तसेच ढग व जमीन यांत प्रचंड विद्युतदाब निर्माण होतो. हवेचा प्रतिकार तुटला की वीज कडाडते. तिच्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या ही सुमारे पाचपट होय. एकाएकी प्रसरण पावलेल्या त्या हवेचा आवाज म्हणजे गडगडाट.

प्रकाश तत्क्षणी दिसतो. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात. म्हणून वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तिनाने भागले म्हणजे विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे गणित चौथीच्या मुलालाही करता येते आणि प्रत्येक घरात एका तरी मुलाने ते करावे. तीस सेकंद भरले तर वीज सुमारे १० किलोमीटरवर आहे. हे अंतर दूरचे वाटते, परंतु पुढची वीज तेवढेच अंतर राखील याचा भरवसा नसतो. पाऊस पडत नसलेल्या जागीही, ढगाच्या कडेपासून काही किलोमीटर दूर, वीज कोसळू शकते. त्यामुळे मोजलेला काळ तीस सेकंद किंवा त्याहून कमी असेल तर हातातील काम तेथेच टाकून आसरा गाठावा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास लोटेपर्यंत बाहेर पडू नये. पाऊस थांबला की जनावरे सोडायला निघण्याची घाई अनेकांना महागात पडते.

आसरा कोणता, हे कळणे तितकेच महत्त्वाचे आहे. पक्की इमारत सुरक्षित. चारही बाजूंनी बंद असलेली मोटार किंवा एस.टी. बस सुरक्षित. झाड, गवताची गंजी, पत्र्याचे उघडे शेड, कोपी, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि दुचाकी यांपैकी काहीही विजेपासून वाचवीत नाही. झाडाखाली उभे राहणे ही आपल्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक सवय आहे. झाडावर कोसळलेली वीज खोडावरून उडी घेऊन शेजारच्या माणसाला गाठते. शिवाय मुळांपासून जमिनीतून पसरणारा प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्या पायातून बाहेर पडतो. दोन पायांतील अंतर जितके अधिक, तितका हा धक्का मोठा. गाई-बैलांचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, म्हणूनच एका विजेने झाडाखालची अनेक जनावरे दगावलेली आढळतात.

उघड्या रानात अडकून पडल्यास आणि जवळ कोणताही आसरा नसल्यास एकट्या झाडापासून, विजेच्या खांबापासून व तारेच्या कुंपणापासून दूर जावे, पाण्यातून बाहेर यावे, सोबत्यांनी एकमेकांत अंतर ठेवावे आणि दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. हा उपाय शेवटचा आहे. तो खऱ्या आसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावल्याने धक्का बसत नाही. हृदय बंद पडल्याने तो निश्चेष्ट झालेला असू शकतो आणि छातीवर ठराविक गतीने दाब देत राहिल्यास त्याचे प्राण परत येण्याची शक्यता असते. कोणीतरी लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दुसऱ्याने तत्क्षणी छातीदाब सुरू करावा. आपल्या देशात विजेने दरवर्षी २,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. त्यांत शेतात राबणारी आणि जनावरे राखणारी माणसे मोठ्या संख्येने असतात. अर्थात ती आपलीच माणसे आहेत.

ओढ्याचा अवधी

वळवाच्या पावसाचे दुसरे रूप ओढ्यातून दिसते. मोठ्या नदीचा पूर दिवसा-दोन दिवसांनी चढतो व सरकारी यंत्रणा त्याची सूचना देते. ओढ्याचा पूर मात्र तासा-दीड तासात येतो आणि तितक्याच वेगाने ओसरतो. त्याचे गणित करून पाहण्यासारखे आहे.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एखाद्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र ५ चौरस किलोमीटर आहे आणि त्यावर तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस झाला, असे धरू. ते पाणी ३० कोटी लिटर होते. त्यातील निम्मे जमिनीत मुरले असे मानले, तरी १५ कोटी लिटर ओढ्यात उतरते. उन्हाळ्यात आपल्या अनेक गावांना टँकरने पाणी मिळते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर हे पाणी १५,००० टँकरचे झाले. ज्या गावात सकाळी बायाबापड्या टँकरची वाट पाहत रांगेत उभ्या असतात, त्याच गावाच्या ओढ्यातून संध्याकाळी तासा-दोन तासांत एवढे पाणी वाहून जाऊ शकते.

काळ्या मातीचा स्वभाव येथे लक्षात घ्यावा लागतो. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात. पहिले पाणी त्या भेगांत शिरते. ओली झालेली माती फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी मुरण्याचा वेग अतिशय मंदावतो. त्यानंतर पडणारा पाऊस उतारावरून धावतो. डोंगरउतार उघडे पडलेले असतील, बांध फुटलेले असतील, मोऱ्या प्लॅस्टिकने तुंबलेल्या असतील आणि ओढ्याच्या पात्रातच घरे उठलेली असतील, तर तेच पाणी कमी वेळात अधिक उंची गाठते.

सर्वांत फसवी गोष्ट ही की पूर येण्यासाठी आपल्या गावात पाऊस पडण्याची गरज नसते. वरच्या डोंगरात ढग रिता होतो आणि खाली ऊन असतानाही पाण्याचा लोंढा येतो. त्याचे इशारे ठराविक आहेत : नितळ पाणी गढूळ होणे, त्यावर काडीकचरा व फेस दिसणे, वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे. यांपैकी एकही खूण दिसली तर कपडे, भांडी, चप्पल यांचा मोह न धरता काठ चढून वर यावे. मुलांना हे पाठ झालेले असावे.

ओढ्यावरील फरशी पुलाबद्दल विशेष सांगायला हवे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. वेगाने वाहणारे वीतभर पाणीदेखील धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते. चारचाकीचे गणित आणखी वेगळे आहे. छोट्या मोटारीचा तळ सुमारे ५ चौरस मीटरचा असतो. पाणी तळाच्या वर ३० सेंटिमीटर चढले तर ते गाडीला सुमारे १,५०० किलो वजन उचलण्याइतक्या जोराने वर ढकलते. अशा गाडीचे स्वतःचे वजन बहुधा हजार किलोंच्या आतच असते. गाडी तरंगते, चाकांची पकड सुटते आणि ती पुलावरून खाली जाते. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली आहे, हेही दिसत नाही. म्हणून फरशीवर पाणी असताना ओलांडायचे नाही, हा नियम पाण्याच्या खोलीवर अवलंबून ठेवू नये. ओढ्याचा पूर बहुधा दोन-चार तासांत ओसरतो. तेवढी प्रतीक्षा ही त्याची पूर्ण किंमत आहे.

अलीकडील काही घटना

वरील विवेचन पुस्तकी वाटू नये म्हणून महाराष्ट्रातील काही घटनांचे स्मरण करून देतो. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात एका मंदिराच्या परिसरातील पत्र्याच्या शेडवर मोठे झाड कोसळले आणि आसऱ्याला थांबलेल्यांपैकी ७ जण मृत्युमुखी पडले. ते निष्काळजी नव्हते; पावसापासून वाचण्यासाठीच तेथे उभे होते. आसरा पावसापासूनचा आणि आसरा वादळापासूनचा यांतील फरक त्या दुर्घटनेने दाखवून दिला.

अशा ढगांचा दुसरा हंगाम पावसाळ्याच्या अखेरीस येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला. एरवी ज्याकडे शहराचे लक्षही जात नाही, असा हा ओढा काठच्या वस्त्यांत व सोसायट्यांत शिरला. त्या रात्रीच्या पावसाने पुणे शहर व परिसरात २० हून अधिक बळी घेतले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी घरांत शिरले. त्या वेळी एका मूकबधिर विद्यालयातील सुमारे ४० विद्यार्थ्यांना बचाव पथकांनी सुरक्षित स्थळी हलविले. निवासी विद्यालय चालविणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. मे २०२५ मध्ये तर बारामती, इंदापूर या एरवी कमी पावसाच्या भागांत उन्हाळ्यातच पूरस्थिती उद्भवली. आपल्याकडे असे होत नाही, हे वाक्य आता कोणत्याही तालुक्याने उच्चारू नये.

पुणे आणि नागपूर येथील पाणी लोक झोपेत असताना आले. धम्मपदात निद्रिस्त गावाला वाहून नेणाऱ्या महापुराची उपमा आली आहे. ती उपमा मृत्यूसाठी आहे, परंतु ज्यांनी ती योजिली त्यांनी रात्रीचा पूर पाहिला असला पाहिजे. विनयातही याची जाण दिसते. वर्षावासात भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे असा नियम आहे. मात्र निवासस्थान किंवा गाव पुरात वाहून गेल्यास तेथून निघून जाण्याची मुभा त्याच नियमांत दिलेली आहे. नियम काटेकोर असावा आणि संकटात काय करावयाचे तेही त्यातच आधी लिहिलेले असावे, हा त्यातील व्यवहार आम्हांला आजही अनुकरणीय वाटतो.

आधी ठरवावयाच्या गोष्टी

आता इशारे मिळण्याची साधने पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहेत. भारतीय हवामान विभाग जिल्हावार हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल अशा रंगांत इशारा देतो. पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाजही प्रसिद्ध करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या ठिकाणापासून २० ते ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. घरातील एका तरी मोबाईलमध्ये ते असावे. परंतु रानात मोबाईलला रेंज नसते, तेव्हा ऐरणीचा ढग, गार झुळूक, गडगडाट आणि गढूळ पाणी हेच इशारे उरतात. ते वाचता येणे हेही साक्षरतेचेच अंग मानावे.

पालकांना आमची विनंती अशी : सुटी लागण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. रानातून गडगडाट ऐकू आल्यास मुलाने कोणत्या पक्क्या घरात जायचे. ओढ्याला पाणी असल्यास कोणाच्या घरी थांबायचे. आणि जनावरे सोडून देण्याची त्याला पूर्ण परवानगी आहे की नाही. तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची. शेळी हरवली तर मार बसेल या भीतीने मुले पावसात थांबून राहतात. शेळीची किंमत मोठी आहे, हे आम्ही जाणतो. तरीही ती परवानगी आधीच आणि स्पष्ट शब्दांत दिलेली असावी. मुलाला नेण्यास किंवा सोडण्यास येताना वाटेत फरशीवर पाणी असेल तर अलीकडेच थांबावे. विद्यार्थी एक दिवस उशिरा आला म्हणून कोणताही अध्यापक नाराज होणार नाही.

वसतिगृहासाठी गृहपालांनीही काही गोष्टी निश्चित कराव्यात : आभाळ भरून येताच मैदानावरील मुलांना आत घेण्याचा अधिकार कोणाचा, हजेरी कोठे घ्यायची, मेन स्विच कोणी बंद करायचा, रात्री पाणी शिरल्यास वरच्या मजल्यावर कोणत्या क्रमाने जायचे, लहान मुलांसोबत कोणी असायचे. हा क्रम भिंतीवर लिहिलेला असावा आणि वर्षातून दोनदा, उन्हाळी सुटीआधी व परतीच्या पावसाआधी, त्याचा सराव व्हावा.

माजी विद्यार्थ्यांकडून आमची अपेक्षा याहून थोडी अधिक आहे. त्यांच्यापैकी अनेक जण आज शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका, अभियंता व ग्रामपंचायत सदस्य आहेत. आपल्या वस्तीजवळच्या मोऱ्या मे महिन्यापूर्वी साफ होतील, फरशी पुलाजवळ पाण्याची उंची दाखविणारी पट्टी रंगविली जाईल, शाळेच्या व समाजमंदिराच्या इमारतीवर वीजरोधक बसेल आणि छातीदाब देता येणारी चार माणसे प्रत्येक वस्तीत तयार होतील, एवढे त्यांनी ग्रामसभेत मांडावे. यांतील बहुतेक कामांना मोठा निधी लागत नाही; पाठपुरावा लागतो. वस्त्या बहुधा सखल भागात, ओढ्याच्या काठीच वसलेल्या असतात. ज्यांना उंचावरची जागा मिळाली नाही, त्यांच्याच दारात पाणी प्रथम येते. म्हणून हा प्रश्न केवळ हवामानाचा न राहता न्यायाचाही होतो, आणि तो मांडण्याचे शिक्षण आपण याच विद्यालयात घेतले आहे.

वळवाचा पाऊस शत्रू नव्हे. त्याने तापलेली जमीन निवते, नांगरटीची ढेकळे विरघळतात, जनावरांना चार दिवसांत कोवळे गवत दिसू लागते. त्याचे स्वागत अवश्य करावे. ते पक्क्या छताखालून, मुलांची मोजदाद पूर्ण झाल्यावर करावे. येत्या जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा हजेरीपटावरील प्रत्येक नावाला ‘उपस्थित’ असे उत्तर मिळावे, यासाठी हा पाठ आपण सर्वांनी घराघरांत वाचून दाखवावा, अशी नम्र विनंती करून हा लेख पूर्ण करतो.